ॲक्युपंक्चर (चिनी सूचिचिकित्सा)

अंगावरील ठरावीक बिंदूंमध्ये केसासारख्या बारीक सुया टोचून वेदना कमी करण्याची किंवा शरीराचे बिघडलेले काम ताळ्यावर आणण्याची चिनी उपचारपद्धती. सुयांच्या जोडीला दवण्याच्या जातकुळीतील एका वनस्पतीची वाळवलेली पाने जाळून बिंदूंना शेक देतात. चीनमध्ये ही दोन्ही एकाच विद्येची अंगे समजली जातात. २०१० मध्ये युनेस्कोने या विद्येचा मानवाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

इतिहास : ‘पाच हजार वर्षांची अखंड परंपरा’ ही जाहिरातीतली भाषा झाली. हूनान प्रांतातील माव्हांगदुइ येथे इ. स. पू. १६८ मध्ये बंद केलेल्या थडग्यातून १९७३ साली रेशमावरच्या पोथ्या निघाल्या. त्यांत शरीरातील वाहिन्यांचे वर्णन आहे, शेक देण्याची माहितीही आहे. सुया टोचण्याचा मात्र उल्लेख नाही. तो नंतर ‘हुआंगदी नेइजिंग’ या वैद्यकसंहितेत येतो, आणि तिथल्या नऊ प्रकारच्या सुयांपैकी काही तर गळू फोडायच्या व रक्त काढायच्या आहेत. तिसऱ्या शतकात ह्वांगफू मी याने ३४९ बिंदूंची जुळणी केली. सोंग राजवटीत, १०२७ च्या सुमारास, वांग वेइयी या दरबारी वैद्याने पुरुषभर उंचीच्या कांस्यमूर्ती ओतवून घेतल्या. त्यांवर बिंदूंच्या जागी छिद्रे होती. परीक्षेच्या वेळी मूर्तीला मेणाचा लेप देत आणि आत पाणी भरत; विद्यार्थ्याची सुई बरोबर जागी गेली तर पाणी बाहेर येई, चुकली तर सुई धातूवर आपटे.

पुढे या विद्येला उतरती कळा लागली. १८२२ मध्ये दाओग्वांग सम्राटाने राजवैद्यशाळेतून ती काढून टाकली आणि १९२९ मध्ये तर प्रजासत्ताक सरकारपुढे चिनी वैद्यकच बंद करण्याचा प्रस्ताव आला. वैद्यांच्या विरोधामुळे तो बारगळला. आज दवाखान्यात दिसणारे ॲक्युपंक्चर बऱ्याच अंशी यानंतर घडले. चंग दान-आन या वैद्याने १९३० च्या दशकात शरीररचनाशास्त्राशी ताडून बिंदूंच्या जागा पुन्हा मांडल्या, रक्तवाहिन्यांवरचे बिंदू बाजूला सरकवले आणि जाड हत्यारांऐवजी बारीक सुया वापरायला सांगितले. १९५० च्या दशकात माओच्या सरकारने, डॉक्टरांचा तुटवडा भरून काढण्यासाठी, या विद्येला विद्यापीठे व रुग्णालये दिली. पाश्चात्त्य जगात गाजावाजा झाला तो १९७१ मध्ये. अमेरिकी पत्रकार जेम्स रेस्टन यांचे बीजिंगमध्ये आंत्रपुच्छाचे ऑपरेशन झाले आणि नंतर पोटातील अस्वस्थतेवर त्यांना सुया लावल्या गेल्या. ऑपरेशन नेहमीची भूल देऊन झाले होते, पण ‘सुया टोचून पोट फाडले’ अशी दंतकथा अजून फिरते.

तत्त्व : शरीरात ‘छी’ नावाची प्राणशक्ती वाहिन्यांतून फिरते, ती अडली की दुखणे येते आणि सुईने अडथळा निघतो, अशी धारणा आहे. मुख्य वाहिन्या १४ व त्यांवरील प्रमाण बिंदू ३६१. शवविच्छेदनात किंवा सूक्ष्मदर्शकाखाली अशा वाहिन्या सापडलेल्या नाहीत. सुईमुळे मज्जातंतू चेतवले जातात आणि मेंदूत एंडॉर्फिनसारखी वेदनाशामक द्रव्ये स्रवतात, हे मात्र प्रयोगांत दिसले आहे.

उपचार : पहिल्या भेटीत सुईपेक्षा प्रश्नच जास्त असतात. झोप, शौच, तहान, घाम, पाळी, थंडी सोसते की उन्हाळा, अशी विचारपूस होते. जीभ बाहेर काढायला लावून तिचा रंग, थर व कडेच्या दातांच्या खुणा पाहतात. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटे ठेवून नाडी बघतात. गुडघा दुखत असता जीभ कशाला, असे नव्या रुग्णाला वाटते. सुया कुठे लावायच्या हे यावरूनच ठरते.

बिंदू मोजायचे ते रुग्णाच्याच बोटांनी. त्याच्या अंगठ्याची रुंदी म्हणजे एक माप आणि जुळवलेली चार बोटे म्हणजे तीन मापे. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटे, नडगीच्या कडेपासून बाहेरच्या बाजूला बोटभर, हा ‘झूसानली’ बिंदू पोटाच्या तक्रारींसाठी सर्वांत जास्त वापरला जातो. मनगटाच्या आतल्या घडीच्या वर दोन मापांवरचा ‘नेइग्वान’ मळमळीसाठी. अंगठा व तर्जनी यांमधला ‘हगू’ डोके व दात दुखण्यावर वापरतात, पण गरोदर बाईला तो टाळण्याची रीत आहे.

सुई पोलादी, भरीव आणि साधारण पाव मिलिमीटर जाडीची असते. इंजेक्शनची सुई पोकळ व कातीव टोकाची असल्याने ती जास्त टोचते. इथे आत जाताना मुंगी चावल्यासारखे वाटते, कधी तेही नाही. मग वैद्य सुई फिरवतो किंवा वरखाली करतो, आणि त्या जागी जडपणा, ठणका, ताण किंवा मुंग्या जाणवतात. चिनी वैद्य याच संवेदनेची वाट पाहतो आणि ‘आलं का?’ असे विचारतोही. झणझणीत कळ निघाली, वीज गेल्यासारखे वाटले तर लगेच सांगावे. २० ते ३० मिनिटे सुया तशाच ठेवतात. काही ठिकाणी त्यांना हलका विद्युतप्रवाह जोडतात. अनेकांना पडल्यापडल्या डुलकी लागते. रिकाम्या पोटी किंवा भरपेट जेवून जाऊ नये, घेरी येऊ शकते. जुन्या दुखण्याला आठवड्याला एक-दोन प्रमाणे सहा ते दहा-बारा बैठका धरतात. तेवढ्याने काहीच फरक नसेल तर पुढे पैसे घालवण्यात अर्थ नाही.

परिणाम : कंबर, मान व गुडघ्याचे जुने दुखणे, अर्धशिशी आणि ऑपरेशननंतरची मळमळ यांत उपयोगाचा पुरावा बरा आहे. पण इथे एक गोम आहे. जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवरील, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खऱ्या बिंदूंवर सुया लावलेल्यांपैकी ४७.६ टक्के, तर भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्के रुग्णांना आराम पडला. नेहमीचे औषध-व्यायाम घेणाऱ्यांत हे प्रमाण २७.४ टक्केच होते. म्हणजे फायदा झाला, पण बिंदूंच्या नकाशाला त्याचे श्रेय देणे अवघड. ब्रिटनमध्ये कोणते उपचार द्यावेत याच्या शिफारशी करणाऱ्या नाइस या सरकारी संस्थेने अर्धशिशी टाळण्यासाठी दहा बैठकांपर्यंत ॲक्युपंक्चर सुचवले, आणि २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी ते देऊ नये असे सांगितले. कर्करोग, मधुमेह किंवा वंध्यत्व सुयांनी बरे करण्याची हमी देणाऱ्यापासून लांब राहिलेले बरे.

धोके : रक्ताचा थेंब, काळानिळा डाग, थोडी चक्कर, एवढे नेहमीचे. छाती व खांद्यावर सुई खोल गेल्यास फुप्फुसाला छिद्र पडू शकते. हे क्वचित घडते, पण घडले आहे. सुया पुन्हापुन्हा वापरल्याने पूर्वी काविळीची लागणही झाली आहे. म्हणून पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगण्यात संकोच नको. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा पेसमेकर बसवलेला असेल तर आधीच सांगावे. पेसमेकर असताना विद्युतप्रवाह जोडत नाहीत.

भारतात : १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस व नागपूरचे चोळकर होते. कोटणीस शल्यचिकित्सक होते आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. सुयांची विद्या भारतात आणली ती त्याच पथकातील विजयकुमार बसू यांनी : १९५० च्या दशकाच्या अखेरीस चीनमध्ये ती शिकून त्यांनी कोलकात्यात तिचा प्रसार केला. लुधियान्यातील ॲक्युपंक्चर रुग्णालयाला मात्र कोटणीसांचे नाव आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ही स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्य केली. महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा वेगळा कायदा केला असून व्यावसायिकांच्या नोंदणीसाठी परिषद आहे.