पारभासी सॉलिड सरफेस (प्रकाशित सजावटीचे काम)

पारभासी सॉलिड सरफेस : मागून दिवा लावला की ज्यातून उजेड पाझरतो, पण पलीकडची वस्तू दिसत नाही, असा ॲक्रिलिक व खनिज पूड यांचा एकसंध तक्ता. हॉटेलांचे स्वागतकक्ष, बारचे काउंटर, खोट्या भिंती आणि अलीकडे मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधली देवघरे यांत तो सर्रास दिसतो. बाजारात अशा सगळ्याच मालाला ‘कोरियन’ (Corian; कोरिया देशाशी संबंध नाही) म्हणतात. वास्तविक ते ड्यूपाँट कंपनीच्या मालाचे नाव. कंपनीतले रसायनज्ञ डोनाल्ड स्लोकम यांनी १९६७ मध्ये तो तयार केला आणि १९७१ पासून तो विक्रीला आला. हाय-मॅक्स, स्टॅरॉन ही त्याच जातीची इतर नावे.

उजेड गाळून घेण्याची हौस मात्र जुनी आहे. इटलीतल्या रावेन्ना येथील रोमन सम्राज्ञी गाला प्लाचिदिया हिच्या पाचव्या शतकातल्या समाधिवास्तूच्या खिडक्यांना अलाबास्टर दगडाचे पातळ तुकडे आहेत. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या बायनकी ग्रंथालयात (१९६३) भिंतींच्या जागी सुमारे ३ सेंमी जाडीचे संगमरवरी तक्ते बसवले आहेत. आपल्याकडे गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी चपट्या शिंपल्या बसवत. दुपारचे ऊन त्यातून दुधाळ होऊन आत येते. सॉलिड सरफेसने ही गंमत सुताराच्या हत्यारांच्या आवाक्यात आणली.

तक्त्यात ढोबळमानाने एक तृतीयांश ॲक्रिलिक आणि दोन तृतीयांश ॲल्युमिनियम ट्रायहायड्रेटची पांढरी पूड असते. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक (पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो याचे माप) सुमारे १.४९, तर पुडीचा १.५७च्या आसपास. दोन्हींत फरक थोडाच असल्याने प्रकाश प्रत्येक कणापाशी किंचित वळतो, पण अडत नाही. टायटॅनियम डायऑक्साइडसारख्या रंगद्रव्याचा अपवर्तनांक २.५च्या वर जातो. ते भरपूर घातले की तक्ता झाकल्यासारखा पांढराफटक होतो. म्हणून पारभासी रंगांत ते बेताचेच असते. साधा पांढरा तक्ता आणून मागे दिवे लावले आणि भिंत काही उजळली नाही, ही चूक पुष्कळ जण एकदा तरी करतात.

तक्ते बहुधा ६ किंवा १२ मिमी जाडीचे मिळतात. जाडी वाढली की उजेड झपाट्याने घटतो. याचाच उपयोग करून १२ मिमी तक्त्याच्या पाठीमागे सीएनसी राउटरने (संगणकावर चालणाऱ्या कोरणयंत्राने) नक्षी खोदतात. जिथे ३-४ मिमी जाडी उरते तिथे नक्षी तेजाळते, बाकीचा भाग अंधुक राहतो. दिवा बंद असताना समोरून कोरा तक्ता, दिवा लावला की वेल किंवा ओम्. युरोपात १८२०च्या दशकात पोर्सेलीनच्या पातळ पट्ट्यांवर अशीच चित्रे काढत, त्यांना लिथोफेन म्हणतात.

तक्ता भट्टीत साधारण १५० अंश से.पर्यंत तापवला की मऊ पडून साच्यावर वळतो. पण वळणावर तो ताणला जाऊन पातळ होतो, आणि उजेडात ती जागा लगेच ओळखू येते. बेसिनला हे खपून जाते, दिव्यापुढे नाही.

या कामाचा कस तक्त्यात नसून त्याच्या मागच्या पेटीत लागतो. एलईडीच्या पट्ट्यांमध्ये जेवढे अंतर, निदान तेवढी पेटीची खोली, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. पट्ट्या १०० मिमी अंतरावर आणि पेटी ४० मिमीची असेल तर भिंतीवर उजेडाचे पट्टे उमटतात. जागा नसेल तर कडेने प्रकाश घेणारा ॲक्रिलिकचा सपाट पॅनेल मागे लावतात. पेटी आतून मॅट पांढरी रंगवणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वेळा विसरला जाणारा उपाय. पट्ट्या ॲल्युमिनियमच्या पन्हळीत बसवल्या की त्यांची उष्णता निघून जाते. शिवाय एका भिंतीसाठी सगळ्या पट्ट्या एकाच वेळी घ्याव्यात. नंतर आणलेल्या पट्टीचा पांढरा रंग बहुधा थोडा निळा किंवा पिवळा निघतो.

काउंटरच्या कामात सवयीच्या झालेल्या गोष्टी इथे अंगलट येतात. दोन तक्ते त्याच रंगाच्या ॲक्रिलिक गोंदाने जोडून घासले की दिवसा जोड सापडत नाही. मागून उजेड आला की तीच रेघ दिसते, गोंदात हवेचा बुडबुडा राहिला असेल तर तोही. जोडाला बळ म्हणून मागे चिकटवलेली पट्टी, प्लायवूडची चौकट, सिलिकॉनचा ठिपका, पाठीवर मार्करने लिहिलेले माप, सगळ्यांची सावली पडते. म्हणून जोड आधीच नकाशात ठरवून नक्षीच्या रेघेत दडवतात आणि आधाराला पारदर्शक ॲक्रिलिकचे तुकडे लावतात. पेटीला फट राहिली तर दोन पावसाळ्यांत तळाशी किड्यांची काळी रांग दिसू लागते.

१२ मिमी तक्त्याचे वजन दर चौ.मी.ला सुमारे २० किलो भरते. तो उष्णतेने फुगतोही : ३ मी. लांबीचा तक्ता २० अंशांच्या फरकाने जवळपास २ मिमी वाढतो. त्यामुळे कडेला फट न ठेवता भिंतीत आवळून बसवलेला तक्ता तडकतो.

देवघरांत आणखी एक भानगड असते. जाळी कापलेल्या तक्त्यापुढे समई, निरांजन ठेवले की ज्योतीच्या वर काजळी धरते आणि ॲक्रिलिक तापून त्यावर डाग पडतो. ज्योत तक्त्यापासून लांब ठेवून खाली पितळी ताट घेणे बरे. हळदीकुंकवाचे डाग ओल्या स्क्रबरने गोल घासून निघतात, कारण रंग वरवरचा नसून तक्ता आरपार सारखाच असतो. खोल ओरखडा बारीक पॉलिश पेपरने काढता येतो. दिव्यांत बहुधा आधी बिघडतो तो ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला योग्य वीज पुरवणारी डबी. तो पेटीत बंद करून वर तक्ता चिकटवला असेल तर बदलण्यासाठी तक्ताच उचकटावा लागतो. जाणता कारागीर ड्रायव्हर शेजारच्या कपाटात ठेवतो.