‘माझा एक कँडिड काढ ना!’

असं म्हणणारा माणूस पुढे काय करतो ते तुम्ही पाहिलं असेल. भिंतीला टेकतो, मान तिरकी करून लांब कुठंतरी बघू लागतो आणि ओठ फार न हलवता विचारतो, “काढलास का?” मित्रमंडळींत हे चालून जातं. तिथे कँडिडचा अर्थ ‘कॅमेऱ्याकडे न बघता’ एवढाच उरला आहे, आणि त्यावर भांडायला मला वेळ नाही. पण रस्त्यावरच्या अनोळखी, साध्या माणसांचे फोटो काढणारेही हाच अर्थ धरून बसतात तेव्हा माझं डोकं फिरतं. चांगल्या स्ट्रीट पोर्ट्रेटखाली ‘कँडिड’ लिहिलेलं असतं. अस्सल कँडिड फोटोला कुणीतरी ‘पोज दिलेली दिसतेय’ म्हणून नाक मुरडतं. दोन्ही वेळा पुरावा एकच काढला जातो: डोळे कुठं आहेत.

पोर्ट्रेट सगळ्यांना कळतं, म्हणून ते चटकन उरकतो. समोरच्याला माहीत आहे की फोटो निघतोय, तो त्यासाठी थांबलाय, आणि दोघं मिळून काहीतरी करताहेत. हेच स्टुडिओतून उचलून रस्त्यावर आणलं आणि ओळखीच्या माणसाऐवजी अनोळखी उभा केला की झालं स्ट्रीट पोर्ट्रेट. “काका, एक फोटो काढू का तुमचा?” इथून त्याची सुरुवात होते. बस, एवढंच.

कँडिडची गोष्ट जरा वाकडी आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पांढराशुभ्र. इंग्रजीत तो ‘मोकळा, आडपडदा न ठेवणारा’ असा झाला. फोटोग्राफीत मात्र तो रुजला आडपडद्याच्याच जोरावर. एरिख सालोमन हा जर्मन, शिक्षणाने वकील. 1920च्या दशकाच्या अखेरीस तो एर्मानॉक्स नावाचा छोटा कॅमेरा घेऊन राजकीय परिषदांत आणि न्यायालयांत शिरायचा. त्या कॅमेऱ्याची लेन्स त्या काळच्या मानाने इतकी मोठ्या तोंडाची होती की फ्लॅशशिवाय, खोलीतल्या दिव्यांवर काम भागायचं. न्यायालयात त्याने कॅमेरा टोपीत लपवला होता. जांभया देणारे, पेंगणारे, कानात कुजबुजणारे पुढारी लोकांनी पहिल्यांदा बघितले, आणि लंडनच्या एका साप्ताहिकाने याला ‘कँडिड कॅमेरा’ म्हटलं. तेव्हापासून ‘कँडिड म्हणजे चोरून’ ही समजूत चिकटली ती चिकटलीच.

आता किरकोळ फरक, जे खरं तर फरकच नाहीत. फोटो कृष्णधवल केला म्हणून तो कँडिड होत नाही. रंग काढले की फक्त रंग जातात. स्ट्रीट फोटोग्राफी म्हटलं म्हणून रस्ताच लागतो असंही नाही. आगगाडीचा डबा, समुद्रकिनारा, संग्रहालयातलं बाकडं, सगळं चालतं. लांबून काढला म्हणून कँडिड, जवळून काढला म्हणून पोर्ट्रेट, हेही खोटं. या शेवटच्यावर मी थोडा चिडूनच बोलतो. 200 मिमीची, लांबचं जवळ आणणारी लेन्स लावून समोरच्या फुटपाथवरून कुणाच्या तरी नाकाचा शेंडा टिपायचा आणि मागचं सगळं जग लोण्यासारखं वितळवून टाकायचं, याला मी शिकारीचा मचाण म्हणतो. फोटो कँडिड असतो, नाही कोण म्हणतं? पण रस्ताच पुसून टाकल्यावर स्ट्रीट कुठं राहिलं?

खरी मेख निराळी आहे. विचारायचं ते एवढंच: फोटोतला तो क्षण कुणी घडवला? मी तिथे बोललो नसतो, खूण केली नसती, ‘जरा इकडे’ म्हटलं नसतं, तरी तो क्षण तसाच घडला असता का? घडला असता, तर कँडिड. माझ्या सांगण्यावरून घडला असेल, तर पोर्ट्रेट. कॅमेरा दिसला की नाही, नजर भिडली की नाही, हसू होतं की नाही, हे सगळं नंतरचं.

वाचायला सोपं वाटतं, पण डोळ्यांना हे पटत नाही, कारण फोटो दिसतो एक आणि असतो दुसराच. दोन फोटोग्राफर शेजारीशेजारी ठेवून बघा.

रॉबेर द्वानो या फ्रेंच फोटोग्राफरचा पॅरिसच्या नगरभवनासमोरचा चुंबनाचा फोटो तुम्ही कुठल्या ना कुठल्या भिंतीवर बघितलाच असेल. वर्ष 1950. गर्दी आपल्या वाटेने चाललीये, मधोमध एक जोडपं थबकून चुंबन घेतंय, पुढे कॅफेत कुणाची तरी पाठ. फ्रेम किंचित घाईची, कडेला कापली गेलेली माणसं. कँडिडची सगळी लक्षणं हजर. पुढे याचं पोस्टर अमाप खपलं, आणि ‘फोटोतले ते आम्हीच’ म्हणत एक जोडपं 1990च्या दशकाच्या सुरुवातीला न्यायालयात गेलं. तेव्हा द्वानोला सांगावं लागलं की ही दोघं नाट्यशिक्षण घेणारी मुलं होती आणि त्याने त्यांना फोटोसाठी चुंबन घ्यायला सांगितलं होतं. ती खरोखरच एकमेकांच्या प्रेमात होती, म्हणजे चुंबन खोटं नव्हतं. क्षण मात्र मागवलेला होता. तोवर लोकांनी एका पोर्ट्रेटला कँडिड समजून घरात लावलं.

आता दुसरी बाजू. फिलिप-लॉर्का डिकॉर्सिया या अमेरिकन फोटोग्राफरने 2000च्या आसपास न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये पादचाऱ्यांच्या डोक्यावर फ्लॅशचे दिवे टांगले आणि स्वतः लांब लेन्स घेऊन उभा राहिला. माणूस ठरावीक जागी आला की दिवा चमकायचा. मागचा रस्ता अंधारात बुडालेला, चेहरा मात्र सिनेमातल्या नटासारखा उजळलेला. फोटो बघून कुणीही शपथेवर सांगेल की याला तासभर उभा केलाय. प्रत्यक्षात त्यातल्या कुणालाच काही ठाऊक नव्हतं. आपापल्या विचारात चालणारी माणसं ती. त्यांतल्या एका गृहस्थाने आपली प्रतिमा परवानगीशिवाय वापरली म्हणून दावा लावला. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने तो 2006 साली फेटाळला. प्रकाश मांडलेला, क्षण न मांडलेला. शंभर टक्के कँडिड. (मघाशी लांब लेन्सला नावं ठेवली ती अजूनही मागे घेत नाही. हा माणूस निदान दिवे टांगण्याइतके कष्ट करत होता.)

या दोघांना उलटसुलट खणांत टाकणारा माणूस चूक करतो ती डोळ्यांवर विसंबून. फोटोच्या दिसण्याला आपण शैली म्हणू या. कँडिड ही शैली नाही. शटर दाबण्याच्या आधी काय झालं, त्याची ती हकिगत आहे.

म्हणूनच कॅमेऱ्याकडे बघणारा माणूस कँडिड असू शकतो. चालता चालता कुणाची तरी नजर तुमच्यावर पडते, भुवया वर जातात, ‘हा कोण?’ असा प्रश्न चेहऱ्यावर उमटतो आणि त्याच वेळी तुमचं बोट दाबलं जातं. त्याने तुम्हाला पाहिलं खरं, पण तुमच्यासाठी काही केलं नाही. ती नजर मला तरी पाठमोऱ्या छत्रीवाल्यांच्या शंभर फोटोंपेक्षा प्यारी आहे. उलट विल्यम क्लाइनचा न्यूयॉर्कमधला, 1950च्या दशकाच्या मध्यावरचा, खेळण्यातलं पिस्तूल थेट लेन्सवर रोखलेल्या पोराचा फोटो घ्या. चेहरा रागाने पिळवटलेला, पिस्तुलाचं तोंड फोकसबाहेर. वाटतं की क्लाइन जीव मुठीत धरून पळाला असेल. त्यानेच त्या पोराला ‘जरा दरडावून बघ’ असं सांगितलं होतं.

मधल्या प्रदेशातही फोटो असतात, आणि तिथे मला मजा येते. रूथ ऑर्किन आणि तिचा 1951चा फ्लॉरेन्समधला फोटो: एक तरुण अमेरिकन बाई फुटपाथवरून चाललीये आणि आजूबाजूचे पंधरा पुरुष तिच्याकडे बघताहेत. ‘हा रचलेला आहे का?’ यावर किती वर्षं वाद झाला! हकिगत अशी की ती एकदा चालत गेली, ऑर्किनने ते पाहिलं आणि तिला पुन्हा एकदा चालायला सांगितलं. फ्रेम निघाल्या दोनच. पुरुषांना कुणी गोळा करून तिथे आणलं नव्हतं. मग हा फोटो कुठल्या खणात? माझं मत असं की बाईचं चालणं पोर्ट्रेट आहे आणि भोवतालच्या नजरा कँडिड, आणि एका फोटोत दोन्ही नांदू शकतात. ज्यांना हे मान्य होत नाही ते सहसा ‘मग अस्सल की बनावट?’ असं विचारतात. त्यांनी प्रश्नच चुकीचा आणलाय. पोर्ट्रेट म्हणजे बनावट, हे कुणी ठरवलं?

डिअ‍ॅन आर्बस या अमेरिकन फोटोग्राफरचा 1962चा, खेळण्यातला हातबाँब धरलेल्या मुलाचा फोटो अशाच वादात ओढला जातो. तो मुलगा चिडलेला, हात वाकडा, बोटं पंजासारखी. त्याच रोलवरच्या बाकी फ्रेम्समध्ये तो साधा, हसरा, नेहमीसारखा पोर आहे. म्हणजे आर्बसने चिडायला सांगितलं नव्हतं, ते त्याचं त्याने केलं. तरी मी याला कँडिड म्हणणार नाही. तो तिथे तिच्यासाठी उभा होता, तिच्या कॅमेऱ्याला कंटाळून चिडला होता. पोर्ट्रेट काढताना समोरच्याचा धीर सुटला, तर ते सुटलेल्या धीराचं पोर्ट्रेट.

माझ्याच दोन फ्रेम्स सांगतो. एक शिंपी दुकानाच्या पायरीवर बसून सुईत दोरा ओवत होता. एक डोळा मिटलेला, जीभ दातांत धरलेली, दोऱ्याचं टोक दोनदा चुकलेलं. मी काढला. त्याने मान वर केली तेव्हा मी जवळ गेलो, फोटो दाखवला आणि विचारलं, “अजून एक काढू का?” तो हो म्हणाला. आणि लगेच सुई उशीत खोचली, मोजमापाची पट्टी गळ्यात नीट घातली, केसांवरून हात फिरवला, पाठ ताठ केली. ‘विचारलं की माणूस बिघडतो’ असं पुष्कळ जण म्हणतात. मला ते फार उद्धट वाटतं. तो बिघडला नाही. आपण कसं दिसावं हे त्याने ठरवलं. पहिल्या फोटोत तो हक्क माझ्याकडे होता.

तंत्राचाही फरक इथूनच निघतो. क्षण तुमच्यासाठी थांबणार नसेल तर फोकस लावत बसायला सवड नसते. म्हणून 28 मिमीची रुंद कोनाची लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड) एफ-8 इतकं बारीक, फोकस अडीच मीटरवर पक्का करून ठेवायचा. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर, म्हणजे जुन्या 35 मिमी फिल्मच्या फ्रेमएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर, साधारण दीड मीटरपासून दहा मीटरपर्यंतचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. शटर 1/250 सेकंद किंवा त्याहून वेगवान, आयएसओ (प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) जितका लागेल तितका. मग हात आणि डोळा एवढंच काम उरतं. पोर्ट्रेटला यातलं काहीच लागत नाही. तिथे माणूस थांबलेला आहे. डोळ्यांवर निवांत फोकस करा, त्याला सावलीत घ्या, मागची भिंत बघा. कँडिडच्या सेटिंगवर घाईत काढलेली पोर्ट्रेट्स मी इतकी बघितली आहेत की त्या थांबलेल्या माणसांची कीव येते. त्यांनी वेळ दिला होता ना तुम्हाला? मग धावत कशाला सुटलात?

एक गोष्ट मुद्दाम वेगळी ठेवतो, कारण ती या फरकात कालवली की सगळाच चिखल होतो. ती म्हणजे संमती. ‘कँडिड म्हणजे विनापरवानगी, पोर्ट्रेट म्हणजे परवानगीने’ ही व्याख्या मला अनेकदा ऐकवली जाते. कँडिड फोटो काढल्यावर परवानगी घेता येते, मी शिंप्याची तशीच घेतली. म्हणून पहिला फोटो मागाहून पोर्ट्रेट झाला नाही. वॉकर इव्हान्सने 1938 ते 1941 या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाखाली कॅमेरा लपवून, लेन्स दोन बटणांच्या फटीतून बाहेर काढून समोरच्या बाकावरचे प्रवासी टिपले. शटरची केबल बाहीतून हातापर्यंत आलेली. ते फोटो पुस्तकरूपाने आले थेट 1966 साली. त्याने लपून काढले हे बरं की वाईट, यावर खुशाल रात्र जागवा, आणि तुमच्या देशाचा कायदा काय म्हणतो तेही बघा, कारण तो सगळीकडे सारखा नाही. पण त्या वादाचा निकाल कसाही लागला तरी फोटो कँडिडच राहतात.

त्या शिंप्याला मी दोन्ही फोटोंच्या प्रती नेऊन दिल्या. त्याने सुई-दोऱ्याचा फोटो बघून हसत मान हलवली आणि मला परत दिला. ताठ पाठीचा ठेवून घेतला.