गप्पी की एंडलर? माशापेक्षा वही बघा

सोलापुरात गप्पी मासा कुणाला ओळख करून द्यावा लागत नाही. डासांच्या अळ्या खायला हौदात सोडतात, तोच. दुकानातल्या टाकीत मात्र त्याच्याच शेजारी नखाएवढे, हिरवट-नारिंगी चमकणारे नर असतात. नाव विचारलं की उत्तर ठरलेलं: "एंडलर गप्पी."

नाव फसवं आहे. गप्पीचं शास्त्रीय नाव पोएसिलिया रेटिक्युलाटा, ते 1859 पासूनचं. एंडलर म्हणजे पोएसिलिया विंगेई, व्हेनेझुएलातल्या कुमाना शहराजवळचा. 1937 मध्ये तो एकदा पकडला गेला आणि विस्मरणात गेला. 1975 मध्ये जीवशास्त्रज्ञ जॉन एंडलर यांना तिथल्या समुद्रालगतच्या तळ्यात तो पुन्हा दिसला. वेगळी जात म्हणून नाव मिळायला 2005 उजाडलं.

डोळ्यांनी ओळखायचं तर एंडलरचा नर जेमतेम अडीच सेंटिमीटरचा, शेपटी आखूड. दुकानी गप्पीची शेपटी पंख्यासारखी. माद्यांपुढे मात्र जुने जाणतेही हात टेकतात. त्यात दोघांचा क्रॉस सहज होतो आणि त्या पिल्लांनाही पुढे पिल्लं होतात. मादी नराचं बीज काही महिने साठवून ठेवते, म्हणजे आज वेगळी काढलेली मादीसुद्धा आधीच्या टाकीतल्या गप्पीची पिल्लं देऊ शकते. नुसता रंग बघून "प्युअर" म्हणणाऱ्यावर माझा तरी विश्वास नाही.

म्हणून छंदिष्टांनी तीन अक्षरं ठरवली आहेत. मूळ ठिकाणापासून वहीत नोंद असलेली लाइन, म्हणजे वंश, 'एन', दिसायला तशीच पण कागद नसलेली 'पी', आणि क्रॉस 'के'. विकणाऱ्याला 'के' परवडतो, कारण तो मोठा, भडक आणि गिऱ्हाइकाच्या नजरेत भरणारा. 'एन'साठी वेगळी टाकी अडवायची, पिल्लं मिसळू द्यायची नाहीत, आणि हातात पडणार काय, तर नखाएवढा मासा. हा उद्योग हौसेनेच होतो.

आपल्याकडे एक सोय आहे. बोअरचं जड पाणी दोघांनाही मानवतं. त्रास उन्हाचा. मे महिन्यात मी टाकी खाली फरशीवर उतरवतो आणि भोवती ओला सोलापुरी टॉवेल गुंडाळतो. माझे मासे दिसायला अस्सल एंडलर आहेत, पण घेताना कागद मिळाला नव्हता. टाकीवरच्या चिठ्ठीत 'पी' लिहिलंय.