बुशिंग (झिजलेल्या भोकाची दुरुस्ती)

झिजून लंबगोल झालेल्या भोकात नवी धातूची नळी, म्हणजे बुश, घट्ट बसवून ते मूळ मापावर आणण्याच्या कामाला बुशिंग म्हणतात. दाराचे बिजागर, क्लच पेडलचा धुरा, गिअर लिव्हरची जोडणी अशा सावकाश हलणाऱ्या पण सतत भार सोसणाऱ्या जागी हे काम निघते. पोलादी पिन पोलादातच घासत राहिली तर दोन्ही झिजतात. मध्ये गनमेटलचा बुश आला की बरीचशी झीज तो स्वतःवर घेतो आणि महागाचा भाग वाचतो. गनमेटल म्हणजे साधारण ८८ टक्के तांबे, १० टक्के कथील आणि २ टक्के जस्त.

झीज एकाच बाजूला होते. जुन्या जीपच्या दाराची पिन काढून तिच्यावरून नख फिरवले, तर दाराचे वजन जिथे पडत होते तिथे बारीक पायरी लागते. म्हणून व्यास एकाच ठिकाणी मोजून भागत नाही. काटकोनातल्या दोन दिशांनी, वर आणि खाली मोजावा. भोकाच्या कडेला पंच मारून ते आवळण्याची जुनी युक्ती आहे, पण त्यात पिन चार टोकांवरच टेकते आणि थोड्याच दिवसांत दार पुन्हा खडखडू लागते. त्या वाटेला जाऊच नये.

घरी लेथ क्वचितच असतो. बुश टर्नरकडून करून आणला तरी चालते. भोक मात्र घरच्या स्टँड ड्रिलवर मोठे करता येते. इथे घाई नडते. हातात धरलेले ड्रिल झिजलेल्या बाजूलाच ओढले जाते आणि भोकाचे केंद्र सरकते. भाग व्हाइसमध्ये (शिकंज्यात) पक्का आवळून, न झिजलेल्या कडेवरून केंद्र काढून, शेवटचे माप रीमरने, म्हणजे भोक आतून हलके खरवडून नेमक्या मापाचे करणाऱ्या हत्याराने, आणावे.

२५ मिमी भोकासाठी बुशचा बाहेरचा व्यास भोकापेक्षा सुमारे ०.०२ ते ०.०३ मिमी मोठा ठेवतात. पोलादी भाग १०० अंशांनी तापवला तर एवढे भोक ०.०३ मिमी फुलते. बुश रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला तर तोही थोडा आकसतो. मग हातोड्याची गरज पडत नाही, व्हाइसच्या दाबाने तो सरळ आत जातो. दाबून बसल्यावर बुशचे आतले भोक किंचित आवळते, म्हणून पिनच्या मापाचे रीमिंग नेहमी बसवल्यानंतरच करावे. बुशमधले ग्रीसचे छिद्र ग्रीस भरण्याच्या निपलसमोर आले आहे ना, हे दाबण्याआधी पाहावे.

किंगपिनचे, म्हणजे पुढचे चाक ज्या पिनेभोवती वळते तिचे, बुश घरी करू नयेत. वरचा आणि खालचा बुश एकाच रेषेत रीम व्हावा लागतो आणि चूक झाली तर स्टिअरिंग जड होते. ब्रेकच्या जोडण्याही गॅरेजलाच द्याव्यात.

बाजारात तेल मुरवलेले सच्छिद्र बुशही मिळतात. त्यांना आतून पॉलिश पेपर लावू नये. छिद्रे बुजतात आणि तेल बाहेर येत नाही.