गंमत म्हणून काढलेला सरकारी कागद: कायदा इथवर कसा आला

पाऊस धो धो लागला की व्हॉट्सअॅपवर एक पत्र हमखास फिरतं. वर जिल्हाधिकारी कार्यालयाचं नाव, जा. क्र., खाली गोल शिक्का, वेडीवाकडी सही आणि मध्ये ठळक अक्षरांत 'उद्या सर्व शाळांना सुट्टी'. कधी कधी तर जुन्याच खऱ्या पत्रातली तारीख तेवढी बदललेली असते. मग प्रशासनाचा खुलासा येतो, गुन्हा दाखल करण्याचा इशारा येतो आणि त्यावर ठरलेला सवाल: यात कुणाचे पैसे बुडाले? गंमत होती ती!

हा सवाल वाटतो तितका पोरकट नाही. नुसता खोटा कागद केला म्हणजे गुन्हा, की त्यामागचा हेतूही बघायचा, हा वाद जुनाच आहे.

आपल्याकडे त्याची रक्तरंजित सुरुवात कलकत्त्यात झाली. ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जवर लाचखोरीचा आरोप करणारे महाराजा नंदकुमार बनावट कर्जरोख्याच्या खटल्यात दोषी ठरले आणि ५ ऑगस्ट १७७५ रोजी फासावर गेले. बनावट दस्तासाठी फाशी हा इंग्लंडचा कायदा होता, तो इथे लागू करण्यात आला. या प्रकरणावरून हा खटला चालवणारे सरन्यायाधीश इलायजा इम्पे यांच्यावर पुढे ब्रिटिश संसदेत महाभियोगाचा प्रयत्नही झाला. खुद्द इंग्लंडने ही फाशी १८३० च्या दशकात टप्प्याटप्प्याने रद्द केली.

त्याच दशकात ब्रिटिश अधिकारी थॉमस मेकॉले भारतीय दंडसंहितेचा मसुदा करत होता. १ जानेवारी १८६२ पासून लागू झालेल्या या संहितेच्या ४६३ व्या कलमाने हेतूला मध्यभागी आणलं. जनतेला किंवा एखाद्या व्यक्तीला नुकसान वा इजा पोहोचवणं, एखाद्या हक्काला किंवा दाव्याला आधार देणं, कुणाला मालमत्ता सोडायला लावणं, फसवणूक करणं, अशांपैकी काहीतरी मनात हवं. नाहीतर कागद खोटा असूनही 'बनावटीकरण' होत नाही.

याची कसोटी लागली ती एका ऑस्टिन मोटारीवरून. दिल्लीच्या डॉ. विमला यांनी १९५३ मध्ये ही गाडी आपल्या सहा महिन्यांच्या मुलीच्या, नलिनीच्या नावाने घेतली. विम्याच्या कागदांवर त्या 'नलिनी' अशीच सही करत गेल्या. अपघातांची भरपाई मागितली तीही याच सहीने, पैसे मिळाल्याच्या पावत्यांवरही तीच सही. उच्च न्यायालयाने त्यांना दोषी धरलं, पण सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९६२ मध्ये निर्दोष सोडलं. स्वतःच्या नावाने सही केली असती तरी विमा कंपनीला तेवढेच पैसे द्यावे लागले असते. म्हणजे खोटेपणा होता, पण त्यातून बाईंना जादा काही मिळालं नाही आणि कंपनीचं काही गेलं नाही.

गंमत करणाऱ्याला हा निकाल ढालीसारखा वाटेल. पण त्याच निकालात न्यायालयाने हेही सांगितलं की इजा फक्त पैशाची नसते, शरीर, मन आणि अब्रू यांचीही धरायची. मित्राला आयकराची खोटी नोटीस धाडली आणि त्याने रात्र जागून काढली, तर 'पैसे कुठे बुडाले' हे उत्तर पुरत नाही. बेकार मित्राच्या हातात नेमणुकीचं खोटं पत्र ठेवणाऱ्याबद्दल तर मला सहानुभूतीही नाही.

शिवाय काही कायदे फसवण्याच्या हेतूपाशी अडतच नाहीत. नोटेसारखा दिसणारा कागद छापणं हा १९४३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. दंड कमाल शंभर रुपये, आता दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत तीनशे. क्षुल्लकच. पण फेब्रुवारी २०१७ मध्ये दिल्लीच्या संगम विहारमधल्या एटीएममधून 'चिल्ड्रन बँक ऑफ इंडिया'च्या दोन हजारांच्या नोटा बाहेर आल्या, तेव्हा खेळण्यातला कागद कुठवर पोहोचू शकतो ते दिसलं. राजचिन्हाचा २००५ चा कायदा जास्त कडक. अशोकस्तंभाच्या सिंहांमुळे कागद सरकारी असल्याचा भास होत असेल, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

करोनाच्या पहिल्या टाळेबंदीत प्रश्न आणखी धारदार झाला. १ एप्रिल २०२० च्या तोंडावर महाराष्ट्राचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना एप्रिल फूलच्या निमित्ताने अफवा पसरवल्या तर कारवाई होईल, असं जाहीरपणे सांगावं लागलं. आपत्ती व्यवस्थापन कायद्यात खोटी घबराट पसरवण्याला वर्षभरापर्यंत कैद आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. बनावटीकरणाची व्याख्या ३३६ व्या कलमात जवळजवळ जुनीच राहिली. ३३७ व्या कलमात मात्र मतदार ओळखपत्र आणि आधार कार्ड ही नावं थेट लिहिली गेली, शिक्षा सात वर्षांपर्यंत. वर्षभराच्या आतच, एप्रिल २०२५ मध्ये, लोक चॅटजीपीटीकडून खोटी आधार कार्डं काढून घेऊन मिरवू लागले. चॅटजीपीटी बनवणाऱ्या कंपनीचा प्रमुख सॅम ऑल्टमन याच्या नावाचं आधार पाहून कुणी फसणार नाही, त्यामुळे तिथे बनावटीकरण सिद्ध करणं कठीणच. सिंह मात्र त्या कार्डावरही असतात.