ग्रीक शिल्पांच्या रोमन प्रतिकृती

ग्रीसमधल्या नामांकित पुतळ्यांवरून रोमन काळात, मुख्यतः इ.स.पू. पहिले शतक ते इ.स. दुसरे शतक या काळात, घडवलेली शिल्पे. मायरन, पॉलिक्लायटस, लायसिपस या ग्रीक शिल्पकारांचे मूळ ब्राँझचे पुतळे पुढे जवळजवळ सगळेच वितळवले गेले. त्यांची आजची ओळख प्रामुख्याने या संगमरवरी प्रतिकृतींवर उभी आहे. म्हणून प्रतिकृती कशी घडवत हे समजल्याशिवाय समोरच्या पुतळ्यात ग्रीक किती आणि रोमन किती, हे ठरवता येत नाही.

रोममध्ये ग्रीक शिल्पे आधी आली ती लूट म्हणून. इ.स.पू. २१२ मध्ये सिसिलीतले सिराक्यूज हे ग्रीक शहर पडले आणि रोमन सेनापती मार्सेलसने तिथले पुतळे रोमला नेले. दक्षिण इटलीतल्या टॅरेंटममधून इ.स.पू. २०९ मध्ये लायसिपसचा, ग्रीक वीर हेराक्लीसचा प्रचंड पुतळा आला. मॅसिडोनियावरील विजयाच्या मिरवणुकीत (इ.स.पू. १६७) पुतळे आणि चित्रे वाहायला २५० गाड्या लागल्या, असे ग्रीक चरित्रकार प्लूटार्क सांगतो. इ.स.पू. १४६ मध्ये रोमन सेनापती म्युमियसने ग्रीसमधले कॉरिंथ लुटले. पण लूट सार्वजनिक जागी मांडली जाई आणि ती संपणारी होती. श्रीमंतांच्या बागा, स्नानगृहे आणि ग्रंथालये मात्र वाढतच होती. ती गरज प्रतिकृतींनी भागवली.

गिऱ्हाइकाला काय हवे असे, हे रोमन वक्ता व राजकारणी सिसेरोच्या पत्रांत स्वच्छ दिसते. रोमजवळच्या टस्क्युलम येथील घरासाठी त्याने अथेन्समध्ये राहणारा मित्र अ‍ॅटिकसमार्फत ग्रीसमधल्या मेगारा शहराचे पुतळे मागवले आणि त्यांचे २०,४०० सेस्टर्स (रोमन नाणी) चुकते केले. पेंटेली संगमरवराच्या खांबांवर ब्राँझची शिरे बसवलेल्या, हर्मीस या ग्रीक देवाच्या मूर्तींची तो आतुरतेने वाट पाहत होता. दुसऱ्या एका मध्यस्थाने मद्यदेव बॅकसच्या सेविकांचे पुतळे घेतले तेव्हा मात्र तो वैतागला: ग्रंथालयात कलादेवता शोभल्या असत्या, या सेविका ठेवायच्या कुठे? कलावंताच्या नावापेक्षा विषय जागेला साजतो की नाही, हे त्याला महत्त्वाचे होते.

कामाची सुरुवात साच्यापासून होई. मूळ पुतळ्यावरून तुकड्यातुकड्यांनी साचे घेत आणि त्यात प्लॅस्टर ओतून ठसा काढत. अथेन्सच्या अगोरातला, म्हणजे बाजारचौकातला, हर्मीस शिल्पकारांच्या रोजच्या साचेकामाने डांबराने माखलेला असे, असे इ.स. दुसऱ्या शतकातला ग्रीक लेखक ल्युशन लिहितो. नेपल्सजवळ बायाए येथे १९५४ मध्ये अशा प्लॅस्टर ठशांचे शेकडो तुकडे सापडले. त्यांतल्या एकात अथेन्सच्या जुलूमशाहीविरुद्ध उठलेल्या अ‍ॅरिस्टोगायटनचा चेहरा ओळखता येतो. ब्राँझच्या पुतळ्याला पत्र्याच्या सुट्या पापण्या असत. साच्यात त्या अडकून तुटू नयेत म्हणून आधी लिंपून घेत. त्यामुळे ठशात डोळ्यांच्या कडा जाड आणि सुजल्यासारख्या दिसतात. मूळ काम ब्राँझचे होते, याची ही पक्की खूण.

ठसा कार्यशाळेत आला की त्यावर ठरावीक बिंदू धरून कंपास आणि ओळंब्याने अंतरे मोजत आणि तीच दगडावर उतरवत. संदर्भासाठी दगडावर छोटे उंचवटे राखत व त्यांत भोक पाडत. शेवटी ते तासून टाकत. अर्धवट राहिलेल्या, कधी पुऱ्या झालेल्या पुतळ्यांच्या केसांतही ते अजून दिसतात. बिंदू मोजकेच घेत. त्यामुळे उभे राहण्याची ढब आणि मुख्य मापे जुळतात, पण दोन बिंदूंमधला भाग कारागिराच्या हातावर सोडलेला असे. बटा, स्नायूंच्या कडा, ओठ यांत एक प्रतिकृती दुसरीपासून वेगळी पडते ती इथेच.

खरी अडचण मालाची होती. ब्राँझचा पुतळा पोकळ, हलका आणि ताण सोसणारा असतो. संगमरवर भरीव, जड आणि ताणाला कच्चा. एका पायावर भार टाकून उभा असलेला पॉलिक्लायटसचा भालाधारी जसाच्या तसा दगडात घडवला तर घोट्यात मोडतो. म्हणून पायाला लागून झाडाचा बुंधा येतो, मनगट आणि मांडी यांच्यामध्ये दगडी दांडी येते. मूळ रचनेत हे काही नव्हते. पुतळ्यापुढे उभे राहिल्यावर बुंधा आणि दांड्या मनातून पुसून टाकाव्यात. मगच पॉलिक्लायटसने साधलेला तोल दिसू लागतो.

नंतरच्या काळातली चूक मोडके पुतळे दुरुस्त करणाऱ्यांची. मायरनच्या थाळीफेक्याची एक प्रतिकृती १७८१ मध्ये रोमच्या एस्क्विलिन टेकडीवर मिळाली. तिचे डोके थाळीकडे वळलेले आहे, आणि ल्युशनचे वर्णनही तसेच आहे. पुढच्याच दशकात सम्राट हेड्रिअनच्या प्रासादातून मिळालेल्या, आज ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या प्रतीवर मात्र डोके खाली पाहणारे बसवले गेले.

सगळ्या रोमन शिल्पांमागे हरवलेला ग्रीक पुतळा शोधायचा, ही एकोणिसाव्या शतकाची सवय. जर्मन पुरातत्त्वज्ञ फुर्टवेंग्लरने १८९३ मध्ये प्रतिकृतींची काटेकोर तुलना करून मोठे काम केले, पण ही पद्धत सरसकट लावली की फसवते. इ.स.पू. पहिल्या शतकात रोममध्ये काम करणाऱ्या पासितेलीस या शिल्पकाराचा शिष्य स्टेफानोस याने स्वतःची सही केलेला तरुण खेळाडूचा पुतळा इ.स.पू. पाचव्या शतकाच्या धाटणीचा असला तरी ती नवी रचना मानली जाते. डीलॉस या ग्रीक बेटावरच्या एका पुतळ्यात ग्रीक खेळाडूच्या उघड्या देहावर प्रौढ माणसाचा रोमन वळणाचा वास्तव चेहरा आहे. अशा कामांना नक्कल म्हणणे अन्यायाचे आहे.

सामान्य रोमनांनाही या शिल्पांचा लळा होता. अंगावरचे तेल खरवडणारा लायसिपसचा खेळाडू रोमन सेनापती अग्रिपाने आपल्या स्नानगृहापुढे उभारला होता. सम्राट टायबेरियसने तो आपल्या शयनगृहात हलवला, तेव्हा लोकांनी नाट्यगृहात इतका आरडाओरडा केला की सम्राटाला तो परत ठेवावा लागला, अशी नोंद रोमन लेखक प्लिनी करतो.

छोट्या ब्राँझमूर्ती व्यापारासोबत दूरवर गेल्या. कोल्हापूरजवळ ब्रह्मपुरी येथे सापडलेली ग्रीक धाटणीची पोसायडन या समुद्रदेवाची मूर्ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे.