उपग्रहाच्या स्पेक्ट्रमचा लिलाव का होत नाही?

नोव्हेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारने उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीबरोबर इरादापत्रावर सही केली. तेव्हा गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीम या जिल्ह्यांची नावे पुढे आली. यातल्या पहिल्या दोन जिल्ह्यांची अडचण नकाशावरूनच कळते. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटतो. नंदुरबारमधल्या अक्राणीत सातपुड्याच्या कुशीतले पाडे एकमेकांपासून लांब, आणि मधल्या डोंगरामुळे एका टॉवरचा सिग्नल पलीकडे जात नाही. चर खणून फायबर न्यायचे तर जंगल आड येते. एवढा खर्च करून ग्राहक मिळणार मोजके. वर आकाश मात्र मोकळे आहे. त्या आकाशातून इंटरनेट उतरवायचे, तर ते कोणत्या नियमांनी, हे ठरवण्याचे काम कायद्याचे.

1885 च्या तार कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने दूरसंचार कायदा 2023 मंजूर केला. त्याचा मूळ नियम असा, की स्पेक्ट्रम, म्हणजे संदेश वाहून नेणाऱ्या रेडिओलहरींच्या फ्रिक्वेन्सींचे पट्टे, लिलावानेच द्यायचा. यामागे कडू अनुभव आहे. लिलावाशिवाय मोबाइल स्पेक्ट्रम वाटल्याच्या टूजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये 122 परवाने रद्द केले आणि तेव्हापासून लिलाव म्हणजेच प्रामाणिक व्यवहार हे समीकरण पक्के झाले. तरीही नव्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत काही अपवाद आहेत. तिथे सरकार लिलावाशिवाय, शुल्क ठरवून स्पेक्ट्रम देऊ शकते. डीटीएच, व्हीसॅट (छोट्या डिशवरची उपग्रह-जोडणी) आणि उपग्रहावरून चालणाऱ्या इतर काही सेवा त्यात येतात. यावर बरीच शंका घेतली गेली. माझ्या मते हा अपवाद योग्य आहे आणि त्याचे कारण भौतिकशास्त्रात आहे.

मोबाइल टॉवर कंदिलासारखा आजूबाजूला पसरट उजेड टाकतो, तर उपग्रहाकडे तोंड केलेली डिश बॅटरीसारखा एकाच दिशेने झोत सोडते. टॉवरच्या परिसरात तीच फ्रिक्वेन्सी दुसऱ्या कंपनीने वापरली तर दोघांच्या लहरी एकमेकांत मिसळतात. म्हणून मोबाइलचा स्पेक्ट्रम एका भागात एकाच कंपनीच्या मालकीचा असावा लागतो, आणि मालकी म्हटली की लिलाव आला. डिशचा झोत अरुंद असतो. एकाच गावात दोन कंपन्यांच्या डिश एकाच फ्रिक्वेन्सीवर, पण आकाशातल्या वेगवेगळ्या उपग्रहांशी बोलू शकतात. दोन उपग्रह एका रेषेत आले तर एकाने दुसरा उपग्रह निवडायचा, असे समन्वयाचे नियम आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या चौकटीत ठरतात. जे सगळ्यांना मिळून वापरता येते त्याचे तुकडे करून विकले, तर प्रत्येकाच्या वाट्याला कमी स्पेक्ट्रम येईल आणि ग्राहकाला कमी वेग.

उपग्रहावरून इंटरनेट ही गोष्ट तशी जुनी आहे. त्यासाठी वापरला जाणारा भूस्थिर, म्हणजे जमिनीवरून एकाच जागी स्थिर दिसणारा, उपग्रह 35,786 किलोमीटर उंचीवर असतो. संदेश वर जाऊन खाली यायला जवळपास पाव सेकंद लागतो आणि उत्तर यायला तेवढाच आणखी वेळ. व्हिडिओ कॉलवर हा विलंब चांगलाच जाणवतो. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे 550 किलोमीटरवर, तर वनवेब या दुसऱ्या कंपनीचे 1,200 किलोमीटरवर फिरतात. तिथे हा विलंब सेकंदाच्या काही शतांश भागांवर येतो. पण इतक्या खाली असलेला उपग्रह ताशी सुमारे 27,000 किलोमीटर वेगाने पळतो, एका गावाच्या डोक्यावर काही मिनिटेच राहतो. म्हणून उपग्रह शेकड्यांनी, हजारांनी लागतात आणि डिशला क्षणोक्षणी नवा उपग्रह धरावा लागतो. सपाट डिशच्या आत शेकडो चिमुकले अँटेना असतात. प्रत्येकाच्या लहरीची वेळ किंचित मागेपुढे केली की झोताची दिशा बदलते, डिश जागची हलत नाही. अभियांत्रिकीतली ही मला सगळ्यात देखणी गोष्ट वाटते.

हाच उपग्रह मुंबईवरूनही जातो आणि भामरागडवरूनही. झोताखालच्या सगळ्या ग्राहकांना मिळून ठरावीक क्षमता वाटून घ्यावी लागते. दाट वस्तीत ती चटकन संपते. जंगलावर मात्र ती कुणी वापरली नाही तर वाया जाते, साठवून पुढे नेता येत नाही. म्हणजे तंत्राचा ओढा मुळातच विरळ वस्तीकडे आहे. मे 2025 मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने शिफारस केली, की कंपन्यांनी समायोजित (ठरावीक वजावटींनंतरच्या) महसुलाच्या 4 टक्के शुल्क स्पेक्ट्रमसाठी द्यावे आणि खालच्या कक्षेतल्या उपग्रहांवरून घरोघरी इंटरनेट देणाऱ्यांनी प्रत्येक शहरी ग्राहकामागे वर्षाला 500 रुपये जादा भरावेत. ग्रामीण ग्राहकाला ही जादा रक्कम लागू नाही. दिशा बरोबर आहे, पण महिन्याला चाळीस-बेचाळीस रुपयांच्या फरकाने कोणती कंपनी शहर सोडून पाड्यावर जाईल? गावाची खरी अडचण डिशच्या किमतीची आहे.

इथे त्याच कायद्यातले दुसरे कलम उपयोगी पडते. जुन्या सार्वत्रिक सेवा निधीचे नाव आता ‘डिजिटल भारत निधी’ झाले आहे. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून भरला जाणारा हा पैसा सेवा न पोहोचलेल्या ग्रामीण व दुर्गम भागांसाठी आहे. अशा भागात डिशसाठी अनुदान देण्याचा विचार करावा, असे ट्रायनेही सुचवले आहे. मला वाटते, ते आधी आश्रमशाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामपंचायतीला मिळावे. सार्वजनिक वायफायसाठीच्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकानदारही वायफाय विकू शकतो. एक डिश आणि तिच्याभोवती वायफाय, एवढ्यावर अख्ख्या पाड्याचे काम होऊ शकते.

मात्र करार करताना काही साध्या गोष्टी लिहून घ्यायला हव्यात. डिशला मोकळे आकाश लागते. सागाच्या दाट रानात उपग्रह फांद्यांआड गेला की जोडणी तुटते, म्हणून उंच खांबाचा खर्च धरावा लागेल. तिला सतत वीज लागते, तेव्हा सौर पॅनेल आणि बॅटरीही हवी. मुसळधार पावसात या फ्रिक्वेन्सीच्या लहरी पाण्याच्या थेंबांत शोषल्या जातात आणि वेग पडतो. आरोग्य केंद्राला याची आधी कल्पना द्यावी. आणि पावसाळ्यात डिश बंद पडली तर ती किती दिवसांत दुरुस्त होईल, हे करारात आकड्यात लिहिलेले असावे.